मागचा जिना कुणासाठी होता?

जालना एमआयडीसीच्या कडेला आमची बिल्डिंग आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट. स्टील कारखान्यातले सुपरवायझर, बियाणे कंपनीतले कर्मचारी, दोन शिक्षक, एक नर्स, एक माझ्यासारखा संस्थेत काम करणारा. सोळापैकी पाच घरं बौद्धांची. मागच्या महिन्यात लिफ्टच्या शेजारी एक कागद चिकटवला गेला. त्यावर लिहिलं होतं की कचरा गोळा करणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावे. खाली सोसायटीचा शिक्का.

हा ठराव ज्या मीटिंगमध्ये झाला तिला मी उशिरा पोहोचलो. हात वर करून झाले होते. नंतर कळलं, वर झालेल्या हातांपैकी दोन हात जय भीमवाल्यांचे होते.

मित्रांनो, म्हणून हा लेख. त्या दोघांना नावं ठेवण्यासाठी नाही. एकाने मला नंतर सांगितलं, "भाऊ, वास येतो हो लिफ्टमध्ये. लहान लेकरं असतात. यात जातीचं काय आलं?" त्याच्या मनात खरंच जातीचं काही नव्हतं. तरीही तो जे बोलला ते मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यात आणि विटांमध्ये घालून ठेवलेलं होतं, आणि तेच त्याच्या तोंडून बाहेर आलं. ते कसं घातलं गेलं हे आपल्या पोरांना माहीत असायला पाहिजे.

सुरुवात गावापासून करू, कारण आपल्यापैकी बहुतेकांची दुसरी पिढी गावातच होती. गावात घरचा कचरा म्हणजे उकिरडा. शेण, राख, चुलीतला गाळ, भाजीची देठं, गोठ्यातला पाला. प्रत्येक खातेदाराचा आपला उकिरडा असायचा आणि पावसाळ्याआधी तो बैलगाडीने शेतात जायचा. पाटलाच्या घरचा उकिरडा पाटलाचीच माणसं उपसायची, कारण ते खत होतं, त्याला किंमत होती. उकिरड्यावरून भावाभावांत भांडणं झालेली मी आजीकडून ऐकली आहेत. म्हणजे ज्या कचऱ्याला किंमत होती तो विटाळाचा नव्हता. ज्याला किंमत नव्हती किंवा ज्याची शिसारी होती ते आपल्या वाट्याला आलं: मेलेलं ढोर ओढणं, चावडी झाडणं, आणि जिथे जुने वाडे होते तिथे संडासाची टोपली. जालन्यासारख्या निजामाच्या राज्यातल्या गावांतही वाड्यांच्या मागे अरुंद बोळ असायचे आणि संडासाला बाहेरून, खालच्या अंगाला एक छोटं दार. माणूस त्या दारातून आत येत नसे, फक्त त्याचा हात आत येई.

हे छोटं दार लक्षात ठेवा. पुढे शहरात ते मोठं होत गेलं.

मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा. आजही तोच कायदा, दुरुस्त्यांसह, चालू आहे. त्या कायद्याच्या व्याख्यांमध्ये एक शब्द आहे, हाऊस गल्ली. दोन इमारतींच्या मध्ये किंवा मागे सोडलेली जमिनीची पट्टी. ती कशासाठी? गटार म्हणून वापरायला, किंवा संडास, मुतारी, मैलाकुंडी यांच्यापर्यंत पालिकेच्या नोकरांना आणि सफाईसाठी ठेवलेल्या माणसांना पोहोचता यावं म्हणून. घर बांधणाऱ्याने ही पट्टी सोडायची. माझ्या माहितीत दुसरं कुठलं उदाहरण नाही जिथे कायद्याने इतक्या सरळपणे माणसांच्या एका गटासाठी वेगळा रस्ता आखून दिला, आणि तोही 'स्वच्छता' या शब्दाखाली. कायद्यात जातीचं नाव नाही म्हणावं, तर तेही खोटं. त्याच कायद्यात 'हलालखोर कर' होता. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा. कराचं नावच जातीचं. घरमालकाने कर भरायचा, पालिकेने माणूस पाठवायचा, माणसाने मागच्या गल्लीतून यायचं. तिघांची गाठ समोरच्या दारात कधी पडायचीच नाही.

याच हाऊस गल्लीत घरातला कचराही पडू लागला. खिडकीतून खाली टाकला की झालं. उकिरडा नव्हता, शेत नव्हतं, बैलगाडी नव्हती. गावात जो कचरा खत म्हणून मालकाचा होता तो शहरात बेवारशी झाला, आणि मैला उचलायला जो माणूस येत होता त्याच्याच टोपलीत पडला. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भाजीच्या देठाला मुळात विटाळ नव्हता. तो विटाळ त्याला हाऊस गल्लीत चिकटला.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. तेव्हाचे पालिका आयुक्त स्नो यांना सर्वांत जास्त भीती कशाची होती? हलालखोर आणि कचरा उचलणारे बिगारी पळून जातील याची. ते गेले तर शहर राहण्याजोगं उरणार नाही हे त्यांनी आपल्या अहवालात स्वच्छ मांडलं, आणि या कामगारांची धास्ती वाढेल अशी सक्ती करताना सरकारला हात आखडता घ्यावा लागला. ज्यांना मागच्या गल्लीतून यायला लावलं त्यांच्यावरच अख्खं शहर उभं आहे, हे साहेबाला त्या वर्षी कळलं. पगारात आणि घरात मात्र ते कळल्याचं काही दिसलं नाही.

संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, याहून वाईट होतं. तिथल्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात घरोघरी सफाई करणाऱ्याचा 'परंपरागत हक्क' मान्य केला होता. ऐकायला बरं वाटतं ना? हक्क! पण त्याने काम नीट केलं नाही तर घरमालक त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करू शकत होता. काम सोडणं हा गुन्हा. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात या कायद्याकडे बोट दाखवलं आहे. माणूस सफाईचं काम करतो म्हणून सफाई कामगार ठरत नाही, तो जन्मानेच ठरलेला असतो, मग तो ते काम करो की न करो, हे त्यांचं प्रतिपादन. स्वतंत्र भारतात १९६५ ला मलकानी समिती नेमावी लागली ती याच 'परंपरागत हक्कां'च्या प्रश्नावर.

प्लेगनंतर मुंबईत १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आपल्याला माहीत आहेत. बाबासाहेब तिथे १९३४ पर्यंत राहिले. पुढे १९२० ला गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी. २०७ इमारती, मजल्यावर वीस खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. या चाळींनी आपली चळवळ पोसली. पण चाळीत कचऱ्याची व्यवस्था म्हणजे खाली कुंडी आणि मागे गल्ली. चाळीतली माणसं स्वतः खाली जाऊन डबा रिकामा करायची. पोरांचं ते कामच असायचं. माझ्या एका चुलत आजोबांचं आयुष्य नायगावात गेलं, ते सांगायचे की संध्याकाळी डबा घेऊन खाली जाणं हा गप्पा मारायला बाहेर पडण्याचा बहाणा होता. चाळीला मागचा जिना नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती, कारण राहणारेच कामगार होते.

मागचा जिना आला फ्लॅटबरोबर.

१९२०-३० च्या दशकांत दादर, माटुंगा या भागात पांढरपेशांसाठी नव्या पद्धतीच्या इमारती झाल्या. घरातच स्वयंपाकघर, घरातच न्हाणीघर, घरातच संडास. याला तेव्हा 'सेल्फ कंटेन्ड' फ्लॅट म्हणत. इतिहासकार निखिल राव यांनी या भागाचा इतिहास लिहिताना दाखवलं आहे की संडास घरात येणं ही उच्चजातीय भाडेकरूंसाठी साधी गोष्ट नव्हती. विटाळ घरात येतो, आणि तो साफ करणारा माणूसही घरात येतो. मग तोडगा काय? संडास मागच्या बाजूला, आणि त्याच्यापर्यंत जायला बाहेरून वेगळी वाट. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे तुम्ही तो गोल लोखंडी जिना पाहिला असेल. आज त्यावर कुंड्या असतात, कपडे वाळत असतात, सिनेमावाले त्याचं शूटिंग करतात. लोकांना तो नक्षीदार वाटतो. तो हाऊस गल्लीला उभं करून बनवलेला आहे. वाड्याचं छोटं दार, ते चौथ्या मजल्यापर्यंत चढलं.

पुढे फ्लश आला, मैला वाहून न्यायला माणूस लागेना. जिन्याचं कारण संपलं होतं. पण जिना राहिला, आणि त्यावरून आता कचऱ्याची बादली उतरू लागली.

फ्लॅटबरोबरच सोसायटी आली, तिच्याबद्दल दोन वाक्यं. मुंबईतली पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था म्हणून जिचं नाव घेतात ती गावदेवीची, १९१५ ची, आणि तिच्या नावातच जात आहे: सारस्वत. सहकार, मालकी, एकमेकांना मदत, सगळं खरं, पण आपापसात. कुणाला वाटेल शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा सोसायटीचा अधिकार मान्य केला. आज जालन्यात किंवा संभाजीनगरात फ्लॅट भाड्याने शोधणाऱ्या आपल्या पोराला 'आडनाव काय' असं विचारतात, त्याचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही.

म्हणजे फ्लॅट नावाच्या वस्तूची दोन दारं जातीने बनवली. समोरच्या दारावर आडनाव तपासलं जातं. मागच्या दाराने कचरा जातो. आपण गेल्या तीस वर्षांत समोरच्या दाराने आत शिरलो. लढून, शिकून, कर्ज काढून शिरलो. मागच्या दाराचं काय, हे बघायचं राहून गेलं.

आता हा कचरा जातो कुठे तेही पाहू. मुंबईने त्यासाठी रेल्वे टाकली होती. कुर्ला ते चेंबूर हा मार्ग १९०६ ला कचरागाड्यांसाठी झाला, प्रवासी त्यावरून १९२४ पासून जाऊ लागले. आज हार्बर लाइनने कामाला जाणाऱ्यांना ठाऊकही नसतं की त्यांच्याआधी अठरा वर्षं तिथून शहराचा कचरा जात होता. १९२७ पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड. त्याच्या भोवती कोण राहतं? दलित, मुसलमान, शहरातून हाकललेले झोपडीवाले. २०१६ च्या जानेवारीत ते डम्पिंग पेटलं आणि धूर वांद्र्यापर्यंत आला, तेव्हा कुठे टीव्हीवर बातमी झाली.

आणि उचलणारे? मुंबईत काठियावाडहून, गुजरातहून, हरियाणाकडून आलेले मेघवाळ, वाल्मिकी. कोकण-देशावरून, पुढे मराठवाड्यातून गेलेले महार, मांग. या कामगारांना पालिकेच्या खोल्या मिळायच्या, पण खोली नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की छप्पर गेलं. मग पोरगं शिकलं तरी त्याला खोली राखायला झाडू धरावा लागायचा. बाबासाहेबांनी १९३५ च्या सुमारास म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो या माणसांसाठी. आपल्याकडे महाड, काळाराम, पुणे करार यांवर खूप लिहिलं जातं. या युनियनवर एक धड पुस्तिका तरी आपल्या जयंतीच्या स्टॉलवर बघायला मिळते का, सांगा.

१९४९ ला मुंबई सरकारने या कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करायला बर्वे समिती नेमली, १९५२ ला तिचा अहवाल आला. त्यानंतर आपल्या राज्यात लाड समिती आणि पागे समिती. या दोन नावांवर आज नगरपालिकांमध्ये आंदोलनं होतात: सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या वारसाला नोकरी. २४ फेब्रुवारी २०२३ ला शासनाने त्या शिफारशींचा एकत्रित निर्णय काढला. यावर आपल्यातच दोन मतं आहेत. एक म्हणतं, हे बलुतंच आहे, बापाचा झाडू पोराला. बाबासाहेबांनी ज्याला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटलं तेच सरकारी शिक्क्यानिशी. दुसरं म्हणतं, कंत्राटदार टपून बसलेला असताना हा हक्क सोडला तर हातात उरतं काय? मी दुसऱ्या बाजूला थोडा जास्त झुकतो, कारण मी ती घरं पाहिली आहेत. पण वारसा नोकरीचा असावा, झाडूचा नसावा. वारस बी.कॉम. झालेला असेल तर त्याला टेबल मिळालं पाहिजे.

कंत्राटदार म्हटलं म्हणून सांगतो. गेल्या तीस वर्षांत खरी उलथापालथ इथे झाली. कुंडी रस्त्यावर होती तेव्हा कचरा उचलणारा पालिकेचा कायम कामगार होता. नव्वदच्या दशकात नाशिककडून घंटागाडी सगळीकडे पसरली, कचरा दारातून उचलायचा असं ठरलं. पद्धत चांगलीच होती. पण दारापर्यंत येणारा माणूस आता कंत्राटी झाला. मुंबईत तर दत्तक वस्ती योजनेत काम करणाऱ्यांना कामगार म्हणायलाही पालिका तयार नव्हती. ते 'स्वयंसेवक', आणि मिळायचं ते 'मानधन'. झाडू मारणारी बाई समाजसेवा करते म्हणे! कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं कोर्टात लढून २०१७ ला सर्वोच्च न्यायालयातून २७०० कंत्राटी कामगारांना कायम करून घेतलं. दरम्यान किती जण वारले, किती जण थकून गावी गेले, त्याचा हिशेब कोर्टाच्या निकालात येत नसतो.

इथे कुणी म्हणेल, कंत्राटात आता जात कुठे राहिली, कुणीही येऊन काम करू शकतो. करू शकतो, बरोबर. मग येत का नाही? बेरोजगारी तर सगळ्यांनाच आहे. एमआयडीसीत रोजंदारीसाठी गेटवर सगळ्या जातींची पोरं उभी असतात, भट्टीसमोर पन्नास अंशांत उभं राहायला तयार असतात. कचऱ्याच्या गाडीवर मात्र नावं विचारा, आडनावं विचारा. उत्तर आपोआप मिळेल.

हे फक्त इथेच आहे का? पॅरिसमध्ये १८८३ ला पूबेल नावाच्या प्रशासकाने हुकूम काढला की प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत, आणि कचरा वेगळा करून टाकावा: कुजणारा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच-कवड्या तिसऱ्यात. आपण २०१६ ला जे नवीन म्हणून ऐकलं ते तिथे तेव्हा झालं. चिंध्या वेचणारे तिथेही ओरडले, कारण त्यांची रोजी त्या डब्यात बंद झाली. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही त्या प्रशासकाचं नाव आहे. फरक बघा: तिकडे डब्याला साहेबाचं नाव मिळालं, आपल्याकडे माणसाला कचऱ्याचं नाव मिळालं. कचरा करतो आपण, आणि कचरेवाली ती.

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत दोन काळे सफाई कामगार पावसापासून आसरा घ्यायला कचरागाडीच्या मागच्या भागात बसले आणि यंत्र चालू होऊन चिरडले गेले. तेराशे कामगारांनी संप केला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठिंब्यासाठी तिथे गेले असताना ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली. जयंतीच्या फलकावर आपण किंग यांचा फोटो लावतो. ते शेवटी कुणासाठी उभे होते, हेही फलकावर लिहा.

आपल्या राज्यात या इतिहासाला खरं वळण दिलं ते पुण्यातल्या बायकांनी. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबं पुण्याला गेली त्यातल्या अनेक महार-मांग बायका कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. १९९३ ला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून आणि बाबा आढावांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कामगार पंचायत झाली. त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं. पोलीस चोर म्हणून पकडणार नाहीत, एवढ्यासाठी. मग म्हणाल्या, आम्ही कुंडीत हात का घालायचा? सोसायटीच्या दारात कचरा वेगळा करून आमच्या हातात द्या, आणि त्याचे पैसे द्या. यातून २००७ ला 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. आज तिच्या तीन हजारांहून अधिक सभासद आहेत. सहकार सारस्वतांनी फ्लॅटसाठी वापरला, आपल्या बायकांनी त्या फ्लॅटच्या कचऱ्यासाठी. मला हा योगायोग फार आवडतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी पुढे तेच देशभर लागू केलं, निदान कागदावर. त्या नियमांत ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी घराची होती. सॅनिटरी पॅड गुंडाळून वेगळं देण्याची जबाबदारी घराची. कचरा नेण्याचं शुल्क देण्याची जबाबदारी घराची. रहिवासी संघाने सुका कचरा अधिकृत वेचकांना द्यायचा. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असंही त्या नियमांत होतं. म्हणजे कायदा आता समोरच्या दारातल्या माणसाशी बोलतो. १८८८ चा कायदा मागच्या गल्लीतल्या माणसाशी बोलत होता. आपल्या सोसायट्यांना हा बदल अजून कळलेला नाही. किंवा कळून न कळल्यासारखं केलं आहे.

न कळल्याचा परिणाम आपण शेजारीच पाहिला. फेब्रुवारी २०१८ ला औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या नारेगाव-मांडकीच्या लोकांनी अडवल्या. कित्येक वर्षं त्यांनी शहराची घाण, माश्या, सडलेलं पाणी सोसलं होतं. कोर्टानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. मग गाड्या दुसऱ्या गावाकडे, मिटमिट्याला वळवल्या आणि ७ मार्चला तिथे दगडफेक, लाठीमार, जाळपोळ. शहरात चौकाचौकात ढीग. मी तेव्हा रोज जालन्याहून बसने जायचो, सिडको चौकात नाकाला रुमाल लावून उतरायचो. त्या दिवसांत चांगल्या घरातली माणसं अचानक ओला-सुका शिकली. कचरा उचलणारी माणसं नसतील तर काय होतं ते १८९६ नंतर पुन्हा एकदा दिसलं. आणि पुन्हा विसरलं गेलं.

सोसायटीची टाकी हा या विषयाचा सगळ्यात काळा कोपरा. डिसेंबर २०१९ ला गोवंडीत एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले तीन जण गुदमरून मेले. २०१३ चा कायदा अशा कामाला मनाई करतो. सप्टेंबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने विधवांना प्रत्येकी दहा लाख द्यायला शासनाला सांगितलं. २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई तीस लाख केली. टाकी कुणाची होती? सोसायटीची. उतरवलं कुणी? मीटिंगमध्ये खर्च मंजूर करणाऱ्यांनी, स्वस्त पडतं म्हणून.

आता परत आमच्या बिल्डिंगकडे. आमच्याकडे येणाऱ्या मावशी अंबड तालुक्यातल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळाल्या, बागेतली मजुरी संपली, तेव्हा कुटुंब जालन्याला आलं. जात मांग, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आमच्या भागातला कचरा नक्की कुणी उचलायचा यावर दोन कार्यालयं हद्दीचा नकाशा एकमेकांकडे सरकवत असतात, म्हणून घंटागाडी कधी येते, कधी येत नाही. सोसायटीने मावशींना महिन्याला ठरावीक रक्कम देऊन लावलं. किती, ते लिहायला लाज वाटते. वरची कमाई म्हणजे डब्यातून निघालेला पत्रा, बाटल्या, पुठ्ठा. पत्रा त्या एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देतात. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या चार मजल्यांत जी सळई आहे तिच्यात असाच कुणीतरी वेचलेला पत्रा असणार. त्या सळईवर उभी असलेली लिफ्ट मावशींनी वापरायची नाही.

मी त्यांना विचारलं, मावशी, तुम्हाला लिफ्टचं कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "दादा, गुडघे दुखतात एवढंच. बाकी आम्हाला कुठं सवय हाय लिफ्टची." मग थोडं थांबून म्हणाल्या, "वास माझा येतो का तुमच्या डब्याचा?"

हा प्रश्न मी पुढच्या मीटिंगमध्ये तसाच्या तसा मांडला. लोक गप्प बसले, मग एक जण म्हणाला भावनिक होऊ नका. मी २०१६ चे नियम वाचून दाखवले. ओला कचरा झाकणाच्या बादलीत वेगळा दिला तर पाणी गळत नाही, वास येत नाही, लिफ्ट खराब होत नाही, हे सांगितलं. ठरावाला हात वर करणारा आपला तो बांधव, ज्याने वासाचं बोलला होता, तो उठला आणि म्हणाला की मी माझा डबा स्वतः खाली नेईन. कागद काढायचा प्रस्ताव मात्र तीन मतांनी पडला.

सध्या स्थिती अशी आहे. कागद लिफ्टजवळ आहे. दोन घरं वगळता कुणी वेगळं करत नव्हतं, आता सात घरं करतात. त्या सात घरांचे डबे सकाळी साडेसातला आम्ही स्वतः पार्किंगमध्ये आणतो, लिफ्टनेच. मावशींना वर चढावं लागतं ते उरलेल्या नऊ घरांसाठी. हातमोज्यांचे पैसे आणि महिन्याच्या रकमेतली वाढ हे दोन विषय मी लेखी दिले आहेत, सेक्रेटरींनी पोच दिली आहे. पुढची मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. जालन्यात असाल तर या. पाहुणे म्हणून बसायला हरकत नाही, असं उपविधीत शोधून ठेवलं आहे.